खाली पाणी किती

...नाही, पण मला सांगा, ज्या माणसाच्या बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या दारापासून समुद्र साडेचारशे किलोमीटर लांब, ज्याच्या घरात दहा-बारा पिढ्यांत मासा शिजलेला नाही, शिजलेला सोडा, ज्याच्या आजीने मांजरसुद्धा दूधभातावर वाढवलं, त्या माणसाने मासे शोधायच्या यंत्रापायी सव्वादोन महिने झोप घालवावी? घालवावी का? तुम्हाला सांगतो, माझा मावसभाऊ आहे म्हणून जीव तुटतो, परका असता तर हसून सोडून दिलं असतं.

बिंदुमाधव त्याचं नाव. आमची घराणी सोळाशे कितीतरी साली इकडे आली आणि इथलीच झाली, घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. बिंदू कानाचा तज्ज्ञ. म्हणजे कान कापणारा डॉक्टर नव्हे, ऐकू किती येतं ते तपासणारा आणि कानात घालायची यंत्रं देणारा. तीस वर्षं तेच करतोय. आणि त्यात त्याचा हातखंडा काय, तर पाच मिनिटांत निवड. पेशंट येतो, सोबत मुलगा येतो, मुलाने मोबाइलवर सतरा यंत्रं बघून ठेवलेली असतात, ह्यात ब्लूटूथ आहे, त्यात पावलं मोजतात, आणि बिंदू शांतपणे म्हाताऱ्याला विचारतो, "अण्णा, तुम्हाला ऐकायचंय कुणाचं?" म्हातारा म्हणतो, बायकोचं. किंवा म्हणतो, बायकोचं सोडून सगळ्यांचं. झालं, पाच मिनिटांत यंत्र ठरलं. असा हा माणूस. आणि ह्याला सव्वादोन महिने एक यंत्र ठरवता येईना.

बोट कुठून आली म्हणाल, तर एका पेशंटनेच गळ्यात मारली. होन्नावरला खाडीत ठेवलेली, अठरा फुटी फायबरची, मागे लटकवायचं इंजिन. म्हातारा मुलाकडे परदेशी निघाला, म्हणाला, डॉक्टर, तुम्ही आयुष्यभर बंद खोलीत बसून दुसऱ्याचे कान तपासलेत, आता जरा वाऱ्यावर बसा. बिंदू विरघळला. जावईही भेटला तसाच. राजस पुण्याचा, हेब्बाळला कंपनीत, आणि ह्याच्या घरी मात्र मासे चालतात, नुसते चालतात नाही, पळतात. सासरा समुद्र बघायला जाणार आणि जावई मासे धरायला, म्हणजे जमलं की नाही? जमलं. दोघांनी मिळून बोट घेतली आणि नोव्हेंबरात पहिल्यांदा बाहेर काढली.

आता इथे जरा हसू बाजूला ठेवा.

होन्नावरला शरावती समुद्राला मिळते तिथे मुखाशी वाळू असते. पाण्याखाली. आज इथे, उद्या तिथे. संध्याकाळ होत आलेली, ओहोटी लागलेली, बिंदू सुकाणूवर, विमलावहिनी मधल्या फळीवर जीव मुठीत धरून बसलेल्या, त्याची बायको हो, आणि राजस पुढे. परत येताना बोट खर्रकन वाळूवर चढली. इंजिन बंद. मागून लाट आली, बोट आडवी झाली, पाणी आत. राजस म्हणाला, "बाबा, उतरून ढकलू का?" आणि बिंदू म्हणाला, "उतर. कमरेएवढंच असेल."

उतरला तो. मागच्या बाजूने उतरला. आणि दिसेनासा झाला.

बोट वाळूत रुतलेली आणि तिच्या मागे हातभर अंतरावर दोन पुरुष पाणी, कसं कळणार? अंगातलं जाकीट बक्कल न लावलेलं, ते डोक्यावरून सुटून एकटंच वर आलं. नारिंगी रंगाचं. बिंदू त्या जाकिटाकडे बघत उभा. किती वेळ? तो म्हणतो अर्धा तास, वहिनी म्हणतात दहा-बारा सेकंद. मग राजस बराच लांब वर आला, आणि किनाऱ्यावरून हे सगळं बघत असलेला नागेश खारवी, बोट सांभाळायला ठेवलेला पन्नाशीचा कोळी, आपली होडी घेऊन पोचला आणि त्याने त्याला काखेत धरून आत ओढलं. मनगट मोडलं होतं. एवढ्यावर निभावलं.

हे सगळं बेंगळुरूला कुणाला सांगितलं नाही. मनस्विनीला, म्हणजे बिंदूच्या लेकीला, तेव्हा तिसरा महिना. तिला सांगितलं की जेट्टीवर पाय घसरला. वहिनींनी ते 'उतर, कमरेएवढंच असेल' कानांनी ऐकलेलं, पण त्या दिवसापासून त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता बायको एखाद्या गोष्टीवर बोलत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला काय सांगायचं? फक्त परत येताना गाडीत, शिमोगा ओलांडल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आधी ते खोली सांगणारं यंत्र बसवा. मग बघू."

झालं. तिथून सुरू झालं.

बिंदूने चौकशी केली. तेव्हा कळलं की नुसतं खोली सांगणारं यंत्र असं काही आजकाल कुणी मागतच नाही. खोली सांगणारं यंत्र मासेही सांगतं, मासे सांगणारं नकाशाही दाखवतं, नकाशा दाखवणारं रडारला जोडता येतं, आणि रडारला जोडायचं तर मोठा पडदा हवा. पाच इंची, सात इंची, नऊ इंची, बारा इंची. बोट अठरा फुटी आणि पडदा बारा इंची, म्हणजे बसायचं कुठे माणसाने?

राजसने हातात प्लास्टर असताना डाव्या हाताने एक्सेल बनवली. एक्केचाळीस कॉलम. "बाबा, मी सगळं कंपेअर केलंय, फक्त तीन ऑप्शन शॉर्टलिस्ट केलेत." दुसऱ्या आठवड्यात तिनाचे पाच झाले, महिन्याने अकरा. शॉर्टलिस्ट लांबत जाते हे कधी ऐकलंय तुम्ही? रोज सकाळी क्लिनिकमध्ये पहिला पेशंट यायच्या आत राजसचा मेसेज, "बाबा, साइड स्कॅनचा विचार केलात का? बोटीच्या दोन्ही बाजूंचं दिसतं." बिंदू त्याला उलट, "त्याची फ्रीक्वेन्सी काय?" कारण हा त्याचा प्रांत ना. बोटीच्या बुडाशी एक डबी बसवतात, ट्रान्सड्यूसर, ती पाण्यात आवाज सोडते आणि परत आलेला आवाज ऐकते. दुकानदार तिला बोटीचा डोळा म्हणतात. बिंदू रागावतो. "डोळा कसला? कान आहे तो कान. दोनशे किलोहर्ट्‌झला उथळ पाण्यात बारीकसारीक ऐकतो, पन्नासला खोलवरचं ऐकतो पण ढोबळ." हे तो बँकेतल्या कॅशियरला सांगायचा, वॉचमनला सांगायचा, एकदा ऑडिओग्राम काढता काढता पेशंटला सांगितलं, तो म्हणाला, डॉक्टर, मला एवढं ऐकू येत नाही हेच बरं.

आणि घरी रात्रीच्या जेवणाला हा सगळा पाढा वाचून झाला की विमलावहिनी ताटात ताक वाढत विचारायच्या, "ते सगळं सरी, बरोबर हो. पण खाली पाणी किती, ते कळतं का?"

बिंदू म्हणायचा, कळतं गं, ते तर सगळ्यांतच कळतं. "मग घ्या की." मग हा भात कालवत बसायचा.

शेवटी एक दिवस वहिनीच म्हणाल्या, चला, मला दाखवा. टाउन हॉलच्या मागे एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दुकान. मालक श्रीवत्स, चाळिशीचा, गोड बोलणारा, कपाळाला गंध, आणि ज्याने पाच मिनिटांत ठरवायचं त्यालाही पंधरा दिवस लागतील अशी सोय करणारा. तिघे जाऊन बसले. राजस लॅपटॉप घेऊनच आलेला.

श्रीवत्सने नऊ इंची लावलं. तुम्हाला सांगतो, काय तो पडदा, निळंशार पाणी, खाली पिवळा तळ, मधे लाल-केशरी कमानी, आणि कोपऱ्यात आकडा, चोवीस मीटर.

"मॅडम, ही प्रत्येक कमान म्हणजे एक मासा. मोठी कमान, मोठा मासा."

वहिनींनी चष्मा वर केला. "चोवीस मीटर पाणी? कुठे?"

"डेमो आहे मॅडम. आत भरलेला."

"म्हणजे हे आपण दुसऱ्या मजल्यावर बसलोय, आणि हे सांगतंय खाली चोवीस मीटर पाणी."

"डेमो मोड मॅडम."

"आणि समुद्रात चुकून हा डेमो चालू राहिला तर?"

श्रीवत्स हसला, मग हसायचा थांबला, कारण वहिनी हसत नव्हत्या. त्याने घाईने नकाशा दाखवला, मग दोन पडदे एकमेकांना जोडून दाखवले, मग म्हणाला, "सर, खरं सांगू? छोटं मॉडेल तुमच्यासाठी नाही सर. उद्या तुम्ही मोठी बोट घेणार, मग परत बदलणार. एकदाच घ्या सर, स्वल्प मोठं घ्या." राजस म्हणाला, "एक्झॅक्टली, फ्यूचर प्रूफ पाहिजे." बिंदू म्हणाला, "पण टच स्क्रीनला ओला हात चालतो का?" श्रीवत्स म्हणाला, "चालतो सर, पुसला की चालतो." राजसने एक्सेलमध्ये बेचाळिसावा कॉलम उघडला, ओला हात.

आणि वहिनी म्हणाल्या, "ते सगळं सरी. पण खाली पाणी किती, ते कळतं का?"

"कळतं मॅडम, इथे कोपऱ्यात." आणि कोपऱ्यातला तो आकडा केवढा, तर जोंधळ्याएवढा. वहिनी उठल्या, पर्स उचलली, आणि जिना उतरायला लागल्या. त्यांच्या मागे हे दोघे कॅटलॉग सावरत.

असं करता करता जानेवारी उजाडला. प्लास्टर निघालं. मनस्विनीला पाचवा लागला. बोट होन्नावरला ताडपत्रीखाली. नागेशचा दर रविवारी फोन, "डॉक्टर, येतां मू?", येताय ना म्हणून, आणि ह्याचं ठरलेलं उत्तर, "यंत्राचं ठरतंय." बरं, ठरत का नव्हतं? मला विचाराल तर मीही तेव्हा हेच म्हणत होतो की दोघांना खेळणं हवंय, पोरकटपणा आहे. पण बिंदूने नंतर मला जे सांगितलं ते ऐका.

तो म्हणाला, अरे, प्रत्येक यंत्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, ह्यावर पूर्ण विसंबू नका. प्रत्येकाच्या. आणि ते वाचलं की ते नारिंगी जाकीट दिसायचं. म्हणाला, एकदा मी अंदाजाने 'उतर' म्हणालो. आता यंत्र घेऊन म्हणालो आणि चुकलो तर? म्हणून तो त्याहून चांगलं यंत्र शोधायचा. त्याच्याही पुस्तकात तेच वाक्य. असं करत हा बारा इंचीपर्यंत गेला होता, हसतोय आपण, पण हा माणूस आतून फाटला होता.

एका शनिवारी राजस क्लिनिकमध्ये आला. पाण्यात गेल्यापासून उजव्या कानात किणकिण होतेय म्हणाला, बायको मागे लागली तपासून घे म्हणून, बाकी काही नाही. दुपारची वेळ, पेशंट नाही, वहिनी बाहेर काउंटरवर फाइली लावत बसलेल्या. बिंदूने त्याला आतल्या खोलीत बसवलं. ती खोली बघितलीय कुणी? भिंतींना स्पंज, जाड दरवाजा, बाहेरचा काहीही आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. मधे काच. पेशंटच्या कानाला हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, बाहेर बिंदूच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. बोलायचं असलं तर बिंदू माइकवर बोलतो.

उजवा कान तपासला, डावा तपासला. सूर बारीक, दिवा. आणखी बारीक, दिवा. कान ठणठणीत. किणकिण कानात नव्हतीच. बिंदूने आलेखाकडे बघितलं, काचेपलीकडे खाली मान घालून बसलेल्या जावयाकडे बघितलं, आणि माइक चालू करून, कसं सुचलं देव जाणे, हळूच म्हणाला, "राजस, त्या दिवशी उतर असं मी म्हणालो. आठवतंय?"

काही नाही. मग दिवा लागला.

बिंदूला समोरासमोर हे दोन महिन्यांत विचारता आलं नव्हतं. म्हणाला, "राग आहे माझा?"

बिंदू त्या दिव्याकडे बघतोय. तीस वर्षं तो दिवा लागायची वाट बघितली ह्या माणसाने, आणि आज पहिल्यांदा तो लागू नये म्हणून श्वास धरून बसला होता. पाच सेकंद. दहा सेकंद. राजसचा अंगठा बटणावर तसाच. नाही लागला.

"परत पाण्यात जायची भीती वाटते?"

दिवा. लगेच. आणि विझेना, अंगठा तसाच दाबून धरलेला.

बिंदू म्हणाला, "मलाही."

तेव्हा राजसने मान वर केली. हेडफोन काढला आणि तिथूनच काहीतरी बोलला, पण आतला माइक बंद, काचेतून नुसते ओठ हलताना दिसले. बिंदूने दार उघडलं. राजस म्हणत होता, "मग बाबा, हे बेचाळीस कॉलम आपण भरतोय कशाला?"

बघा म्हणजे, ठरलं की जावं लागेल, म्हणून दोघेही ठरू देत नव्हते. एकमेकांना समजू नये म्हणून रोज सकाळी मेसेज. दोघं तिथंच त्या स्पंजच्या खोलीत बसले, हसले का रडले कुणी सांगत नाही, आणि ठरवलं की बोट विकायची. बाहेर येऊन वहिनींना सांगितलं. बिंदूला वाटलं, सुटकेचा निःश्वास टाकतील.

वहिनींनी फाइल मिटली. "विका. माझं काही म्हणणं नाही. पण जो कोणी घेईल त्याला खरं खरं सांगा. बोट चांगली आहे, इंजिन चांगलं आहे, फक्त खाली पाणी किती ते आम्ही कधी बघितलं नाही, आणि आमचा माणूस त्यात जाता जाता वाचला. एवढं सांगून कोणी घेत असेल तर द्या."

दोघं उभे.

मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "मीही घाबरले होते हो. मी पोहू शकत नाही, तुम्ही दोघं तरी पोहता. पण बाळ झाल्यावर मनूला हे आज ना उद्या कळणार. तेव्हा तिला काय सांगायचं? त्यानंतर आम्ही यंत्र घेतलं आणि नीट शिकून परत गेलो, असं? का ताडपत्री टाकली, असं?"

सोमवारी त्या एकट्या श्रीवत्सकडे गेल्या. एकट्या. ह्या दोघांना घेतलंच नाही. त्याने परत नऊ इंची लावलं, परत कमानी दाखवल्या, वहिनींनी परत तेच विचारलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर तो माणूस दमला, खुर्चीत बसला, आणि पहिल्यांदा खरं बोलला. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला विकायचं मॉडेल वेगळं, आणि मी माझ्या भावाच्या होडीला बसवलंय ते वेगळं." कपाटाच्या खालच्या फळीवरून एक खोका काढला. सात इंची, टच नाही, जाड बटणं, उन्हात दिसणारा पडदा, आणि एक बटण दाबलं की बाकी सगळं जाऊन पडदाभर एकच आकडा. लहान मुलाच्या पाटीवर काढल्यासारखा.

"नकाशा आहे मॅडम, मासेही दिसतात, पण वाळूच्या तोंडाशी नकाशा विसरा. नकाशा काढला तेव्हा वाळू कुठे होती ते सांगतो तो. आत्ता काय आहे ते हा आकडा सांगतो. आणि आठवणीने एक करा. हा आकडा त्या डबीपासून मोजतो. इंजिनचा पंखा डबीच्याही खाली असतो. तेवढं अंतर ह्यात घाला, नाहीतर आकडा बरोबर आणि पंखा वाळूत."

हे मात्र बेचाळीसपैकी एकाही कॉलममध्ये नव्हतं.

फेब्रुवारीत गेले. मनस्विनीला राजसने आधी सगळं सांगितलं, जाकिटासकट. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, दर तासाला फोन कर. होन्नावरला नागेशच्या जेट्टीवर बांबूला खुणा करून, पंख्यापासून डबीपर्यंत मोजलं, पस्तीस सेंटिमीटर, ते यंत्रात घातलं, मग बांबू पाण्यात घालून आकड्याशी ताडून बघितला. एकदा नाही, नऊ वेळा. नागेश विडी ओढत बघत होता. म्हणाला, "भरती लागल्यावर निघा. अडकलात तर पाणीच उचलील. मी मागून येतो." बिंदू म्हणाला, पुढे हो ना. तर म्हणाला, "पुढे गेलो तर तुम्ही मला बघाल. पाणी कोण बघणार?"

सकाळचे नऊ. सुकाणूवर राजस, तोच म्हणाला मी धरतो. जाकिटांची बक्कलं बिंदूने तिघांचीही स्वतः ओढून बघितली. वहिनी यंत्रासमोर बसल्या, आणि मोठ्याने आकडे वाचायला लागल्या, एकसुरी, जसं मंदिरात नामावळी वाचतात.

"तीन एक. तीन. दोन सहा."

मुख जवळ आलं. उजवीकडे पांढरं फुटतंय. आवाज वाढला. बोट पुढून उचलतेय, आपटतेय.

"दोन एक. एक नऊ. एक चार."

बिंदूच्या तोंडात शब्द येत होता, डावीकडे घे, आणि त्याने तो गिळला. कशाच्या जोरावर सांगणार? मागच्या वेळी सांगितला तो अंदाजच होता. त्याने फळीची कड धरली आणि गप्प बसला. तुम्हाला सांगतो, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते.

"एक एक. शून्य नऊ."

यंत्र किंचाळायला लागलं. त्याला सांगून ठेवलं होतं, मीटरच्या खाली गेलं की ओरड. राजसने इंजिन मंद केलं. नकाशावर बोट भर निळ्यात, चार मीटर पाणी, सरळ जा म्हणतोय. आकडा म्हणतोय शून्य आठ. ज्या मनगटाचं प्लास्टर निघालं तोच हात राजसने सुकाणूवर दाबून धरलेला.

"बाबा?"

बिंदू म्हणाला, "मला माहीत नाही, राजस. आकडा ऐक."

"शून्य सात," वहिनी म्हणाल्या. "डावीकडे थोडं घे बघू. हळू. शून्य सात. शून्य सात. शून्य आठ. वाढतंय. तसंच घे. एक. एक तीन. लाट येतेय, धर. एक दोन. एक आठ." मागे नागेशने इंजिन जवळजवळ बंद केलेलं, तोही ऐकतोय. "दोन चार. तीन. चार. पाच दोन."

किंचाळणं केव्हाच थांबलेलं. पाणी हिरव्याचं निळं झालं. राजसने मनगट दुसऱ्या हातात धरून दाबलं. बिंदूने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढायचा विसरला.

मासे? दिसले की. अकरा मीटरवर ढगच्या ढग, राजसने गळ टाकला, दोन तास टाकून बसला, एक लागला नाही. नागेश म्हणाला, यंत्राला दिसतात म्हणून माशांना भूक लागते असं थोडंच आहे.

परतताना भरती पुरी आलेली, त्याच वाटेने, त्याच आकड्यांनी, सहज आत आले. जेट्टीला बोट लावली, तेव्हा वहिनींनी यंत्रावर कापड घातलं, पर्समधून डायरी काढली आणि पुढच्या तीन महिन्यांच्या भरतीच्या वेळा नागेशला विचारून विचारून लिहून घेतल्या. म्हणाल्या, "राजस सुकाणूवर. मी आकड्यांवर. नागेशण्णा मागून. मार्चमध्ये दोनदा, बाळ व्हायच्या आत एकदा."

बिंदू उभा. सव्वादोन महिने फ्रीक्वेन्सी वाचलेला माणूस, डोळा नव्हे कान म्हणणारा माणूस. त्याने विचारलं, "आणि मी?"

वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, पोटापाशी जरा थांबून.

"तुम्ही पुढे बसा. वेग घेतला की बोटीचं नाक स्वल्प वर येतं, तिथे वजन लागतं."

बसतो आता. दर महिन्याला साडेचारशे किलोमीटर जाऊन बसतो. काय करणार?